फळीवरचा माणूस उभा करताना: रक्तदाब सावरणाऱ्या मॉडेलच्या नोंदी

औसा तालुक्यातल्या आमच्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटावर थर्माकोलची हृदयं धूळ खात पडलीत. लाल नळी, निळी नळी, आत बॅटरीवरचा दिवा. दरवर्षी एखादीची भर पडते. यंदा ठरवलं, रक्त फिरतं हे दाखवायचं नाही, ते पोरांना पाठ आहे. दाखवायचंय ते पुढचं. झोपलेला माणूस ताडकन उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं, तरी एरवी त्याला काही जाणवतसुद्धा नाही. हे सावरण्याचं काम चेतासंस्था करते. आमच्या मॉडेलमध्ये तिच्या जागी आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड, आहे. आमचे जे पैसे वाया गेले ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत, म्हणून हे लिहून ठेवतोय.

२५ नोव्हेंबर २०२४

विधानसभेच्या निवडणुकीची ड्युटी उरकली, हात मोकळे झाले. लातूरला गंजगोलाईच्या बाजूनं चक्कर मारून बरंच सामान आणलं, राहिलेलं ऑनलाइन मागवलं. आर्डुइनो उनो (चायना कॉपी) ४५० रुपये. आर-३८५ हा १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप २८०. एचएक्स७१०बी चिपचा दाब सेन्सर १८०. सिलिकॉन नळी ६० रुपये मीटर. सलाईनचे सेट मेडिकलमधून घेतले. ते जरूर घ्यावेत, कारण एका सेटमध्ये नळी, ठिबक आणि चाकाचा चिमटा असं सगळं येतं.

सहा फूट बाय दीड फूट प्लायवर माणसाची आकृती काढली आणि पायाकडची बाजू बिजागऱ्यांनी बाकाला जोडली. डोक्याकडून उचललं की माणूस उभा. छातीवर पंप. पंपातून निघालेल्या नळीला दोन फाटे, एक डोक्याला, एक पोट आणि पायांना. दोन्हींकडून परतणारं पाणी छातीवरच्या रिकाम्या सलाईन पिशवीत जमतं आणि पंप तिथूनच ओढतो. पिशवी मऊच हवी, बाटली चालणार नाही. कडक बाटलीतून पाणी गेलं की तिथं हवा शिरते. मऊ पिशवी शिरेसारखी चपटी होते. शरीरातलं साधारण दोन तृतीयांश रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्येच असतं, धमन्यांमध्ये नाही. हे वाक्य तेव्हा नुसतं फळ्यावर लिहून ठेवलं होतं. पुढं त्यानंच सगळा खेळ केला.

२८ नोव्हेंबर

पंप सलग चालवला तर नाडी दिसत नाही. म्हणून ३०० मिलिसेकंद चालू, ५०० बंद, असे मिनिटाला ७५ ठोके दिले. सेन्सरचा आलेख बघून पोरं हसायला लागली. ठोक्याला दाब छताला, मधल्या वेळात जमिनीवर.

नळी कडक होती हे कारण. माणसाची महाधमनी ठोक्याला फुगते आणि ठोका नसताना आवळत जाऊन रक्त पुढं ढकलत राहते, म्हणून खालचा आकडा ८० च्या आसपास टिकतो. पंपानंतर टी (तीन तोंडांचा जोड) लावून एक सलाईन बाटली उलटी बसवली, तिच्यात मुद्दाम हवा कोंडून ठेवली. आलेख लगेच माणसात आला. हवा फार ठेवली तर नाडीच गायब होते. सगळ्यात जास्त वेळ हवा कमी-जास्त करण्यात गेला.

२ डिसेंबर

सेन्सर पाण्यात गेला. १८० रुपये पाण्यात, अक्षरशः. हा सेन्सर हवेचा दाब मोजतो, पाणी आत शिरलं की संपलं. त्याची नळी आखूड ठेवली होती. दाब वाढला की आतली हवा दबते आणि पाणी तेवढं पुढं सरकतं. नवा आणला आणि वीतभरापेक्षा जास्त हवेची नळी ठेवली. पाणी जिथं संपतं आणि हवा जिथं सुरू होते ती रेघ आकृतीच्या बरोबर मानेवर आणून चिकटपट्टीनं बांधली. मोजमाप त्या रेघेपाशी होतं, सेन्सर कुठं ठेवलाय याला महत्त्व नाही.

मानच का? माणसाची मुख्य दाबमापी चेताटोकं दोन ठिकाणी आहेत. काही महाधमनीच्या कमानीत आणि काही जबड्याच्या खाली, मानेतली धमनी दुभंगते तिथं. ती खरं तर दाब मोजत नाहीत, धमनीची भिंत किती ताणली गेली ते मोजतात. मानेतला निरोप नवव्या मस्तिष्क चेतेतून, कमानीतला दहाव्या म्हणजे व्हेगसमधून मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात जातो. आम्ही एकच सेन्सर लावला, मेंदूच्या वाटेवरचा.

कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या दाबाशी जुळवणं, फुकटात झालं. भिंतीवर नळी उभी चिकटवली, शेजारी शिंप्याची टेप. १३६ सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० मिलिमीटर पारा. ६८ ला ५०. दोन बिंदू पुरतात. स्टीफन हेल्सनं घोडीच्या धमनीत काचेची नळी लावून रक्त आठ फुटांच्या वर चढलेलं पाहिलं, ते त्यानं १७३३ साली छापलं. भिंतीवरची आमची नळी बघून ही गोष्ट पोरांना जास्त पटली.

५ डिसेंबर

पंपाची गती बदलायला आयआरएफ५२० मॉड्यूल घेतलं होतं. चटका बसेल इतकं तापतं आणि पंपाला पुरता जोर मिळत नाही. आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर हा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) धड उघडतच नाही. आयआरएलझेड४४एन लावा, ४० रुपये, प्रश्न मिटतो. पंपावर उलटा डायोड विसरू नका. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

९ डिसेंबर

आज धमनिका. शरीरात रक्ताची वाटणी ठरते ती या बारीक वाहिन्यांवर. त्यांच्या भिंतीतल्या स्नायूंना सिंपथेटिक, म्हणजे आपल्या नकळत काम करणारे, चेतातंतू आवळतात. आमच्याकडं सर्व्हो मोटर (सांगू तेवढ्याच अंशांत फिरणारी) सिलिकॉन नळी चिमटते. निळा छोटा एसजी९० घेतला तर तो नुसता थरथरत बसला, नळी दबेना. एमजी९९६आर घेतला, ३८० रुपये. हा दाबतो, पण दाबताना इतका करंट ओढतो की आर्डुइनोच रिसेट व्हायचा. सर्व्होला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा दिला आणि दोन्हींची ग्राउंड जोडली, मग सुधारलं.

खरी डोकेदुखी वेगळीच निघाली. सर्व्हो पाऊण वाट फिरेपर्यंत प्रवाहात फरक नाही म्हटलं तरी चालेल, आणि शेवटच्या थोड्या अंशांत एकदम सगळं बंद. पोरांना वाटलं मोटर खराब आहे. मोटर खराब नाही, नळीचा गुणधर्मच तसा. दोन टोकांना दाब तेवढाच ठेवून त्रिज्या निम्मी केली की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, कारण त्रिज्येचा चौथा घात लागतो. नळी चपटी होताना हिशेब तंतोतंत तोच राहत नाही, पण चाल तीच. शरीराला याचा फायदाच आहे. धमनिका किंचित आवळली तरी मोठं काम होतं, स्नायूला फार कष्ट नाहीत. आम्हाला मात्र प्रोग्रॅममध्ये सर्व्होला शेवटच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यातच डांबावं लागलं.

दुसरं, विश्रांतीच्या वेळी चिमटा पूर्ण उघडा ठेवायचा नाही. अर्धवट आवळलेलाच ठेवायचा. माणसातही सिंपथेटिक तंतू सतत थोडे निरोप पाठवत असतात, धमनिका कायम थोड्या आवळलेल्या असतात. म्हणूनच निरोप कमी करूनसुद्धा त्या उघडता येतात. एकाच चेतेनं दोन्ही कामं होतात.

डोक्याच्या फाट्यावर चिमटा लावला नाही. मेंदूच्या वाहिन्यांवर सिंपथेटिकचा अंमल फार चालत नाही. त्या वाटेवर सलाईनची ठिबक खिळ्याला लोंबकळत ठेवली, म्हणजे फळी आडवी असो वा उभी, ठिबक सरळच. थेंब पडतायत तोवर माणूस शुद्धीवर.

१४ डिसेंबर

पहिल्यांदा उभा केला. पायांच्या जागी जत्रेतले लांब फुगे लावले होते, पायातल्या शिरा म्हणून. फळी वर गेली, फुगे फुगत गेले, फुगतच गेले, आणि एक फुटला. लाल रंगाचं पाणी गणिताच्या सरांच्या पांढऱ्या शर्टावर. जिलेबीचा रंग वापरला होता, तो निघत नाही. कुंकूही करून बघितलं होतं, पण ते तळाला बसतं आणि ठिबक तुंबते.

छातीपासून पावलापर्यंत पाण्याचा एवढा उभा स्तंभ म्हटल्यावर फुग्याला तो झेपणार कसा? पायाच्या शिरांवरही उभं राहिल्यावर हाच भार येतो, पण त्यांच्याभोवती स्नायू आणि घट्ट आवरण आहे. पोरांपैकी एकानं बॅगेतून शाळेचे पायमोजे काढले आणि फुगे त्यात घातले. झालं काम. आता माणसानं मोजे घातलेत, बाकी अंगावर काही नाही.

१७ डिसेंबर

ही नोंद नीट वाचा, कारण बहुतेक जण इथंच अडकतील.

मानेतला दाब पडला की पंपाचे ठोके वाढवायचे, एवढाच प्रोग्रॅम आज लिहिला. चिमटा जिथल्या तिथं. दवाखान्यात अशा तपासणीचा पलंग ६० ते ७० अंशांपर्यंत उभा करतात म्हणून आम्हीही ७० अंशांवर खूण केली. आडव्या स्थितीत मानेत सरासरी ९०. उभा केल्यावर मान छातीच्या ३० सेंटिमीटर वर जाते, तेवढ्यानंच वीसेक मिलिमीटर कमी दिसणार, हे धरलं होतं. म्हणजे ७० च्या आसपास थांबायला हवं.

थांबलं नाही. ७०, ६२, ५५. ठोके ७५ वरून १३० वर गेले आणि दाब घसरतच होता. ठिबक मंदावली. पंपाचा आवाज बदलला, घरघर यायला लागली. दहावीतला एक पोरगा पिशवीकडं बोट दाखवत म्हणाला, "सर, पंप रिकामाच पळूलालाय." छातीवरची पिशवी कागदासारखी चपटी झाली होती. पाणी सगळं मोज्यांत.

पंपाकडं येणारंच पाणी आटलं तर पंप कितीही पळो, टाकणार काय? ठोके वाढवून उलट वाईट झालं. ओढ वाढली, पिशवीचं तोंडच मिटलं. आमच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीवाल्या पोरांना 'दाब कमी झाला की हृदयगती वाढते' हे वाक्य पाठ आहे. मलाही होतं. वाक्य खरं आहे, पण त्यात भाव खाऊन जातं हृदय, आणि काम करतात वाहिन्या. उभं राहिल्यावर शरीर दोन गोष्टी करतं. धमनिका आवळतं, म्हणजे पायाकडं आणि पोटाकडं जाणारा ओघ कमी होतो. आणि शिरासुद्धा आवळतं, खास करून पोटातल्या, म्हणजे तिथं साठलेलं रक्त हृदयाकडं ढकललं जातं. हृदयाचे वाढलेले ठोके या दोन्हींच्या जोडीला असतात.

मोज्यांवर क्रेप बँडेज गुंडाळून फळी पुन्हा उभी केली. प्रोग्रॅम तोच. दाब ६० च्या वर राहिला, घरघर गेली. मेंदूचा रक्तपुरवठा सरासरी दाब साधारण ६० पर्यंत उतरला तरी मेंदू स्वतःच्या वाहिन्या सैल करून सांभाळून घेतो, त्याच्या खाली मात्र ओढाताण सुरू होते. त्यामुळं आम्ही ६० ही आमची लाल रेघ धरली.

२१ डिसेंबर

आता चिमटाही प्रोग्रॅमला जोडला. दाब पडला की ठोके वाढव आणि चिमटा आवळ, दाब चढला की उलट. फळी उभी केली. दाब पडला, सावरला, ९० च्या वर गेला, ११० झाला, मग पडला ६५ वर, परत ११०. माणूस जागेवर उभा आणि आकडा झोके घेतोय. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर एक झोका साधारण १२ सेकंदांचा.

दिवसभर पंप, नळ्या, टी सगळं तपासलं. गळती कुठंच नव्हती. दोष होता उशिराचा. सेन्सरचा आकडा स्थिर दिसावा म्हणून गेल्या पाच सेकंदांची सरासरी घेत होतो. म्हणजे चिमट्याला कळायचं ते पाच सेकंद शिळं. दाब सावरलेला असायचा, चिमट्याला वाटायचं अजून पडतोय, तो आणखी आवळायचा.

रात्री पुस्तकं चाळताना मजा कळली. माणसाच्या रक्तदाबातही असे साधारण दहा सेकंदांचे हलके झोके असतात. सीगमुंड मायरनं १८७६ साली प्राण्यांमध्ये या लाटांचं वर्णन केलं, त्यांना त्याचंच नाव आहे. त्या का उठतात याचं एक प्रचलित स्पष्टीकरण हेच की सिंपथेटिक वाट सावकाश चालते आणि त्या उशिरापोटी झोका तयार होतो. फक्त शरीरात तो काही मिलिमीटरांचा, आमच्याकडं पंचेचाळीसचा.

२४ डिसेंबर

दोन वाटा वेगळ्या केल्या आणि गाडी रुळावर आली.

पहिली वाट जलद, पंपासाठी. सरासरी फक्त एका ठोक्याची. ही व्हेगसची नक्कल. हृदयाला स्वतःवर सोडलं तर ते मिनिटाला शंभरच्या आसपास धडधडतं. व्हेगस त्याला विश्रांतीत सत्तरीपर्यंत धरून ठेवते. वेबर बंधूंनी १८४५ मध्येच दाखवलं होतं की व्हेगसला चेतवलं की हृदय मंदावतं, थांबतंसुद्धा. उभं राहिल्यावर पहिल्या एक-दोन ठोक्यांत जी गती वाढते ती कुणी चाबूक मारल्यानं नाही, हा ब्रेक सुटल्यानं. ब्रेक सुटायला वेळ लागत नाही.

दुसरी वाट सावकाश, चिमट्यासाठी. दोन-तीन सेकंदांनी हलायला सुरुवात आणि एकदम उडी न मारता थोडं थोडं पुढं. सिंपथेटिकचा परिणामही काही सेकंदांनी सुरू होऊन हळूहळू भरात येतो.

शिवाय चिमट्याची प्रतिक्रिया निम्म्याहून कमी केली. चूक पूर्ण भरून काढायचा हट्ट सोडला की झोका मरतो. आता उभं केल्यावर दाब ६४ पर्यंत उतरतो आणि दहा-बारा सेकंदांत ८० च्या आसपास स्थिरावतो. ९० ला कधीच पोचत नाही. न पोचू दे. शरीराची ही यंत्रणाही शंभर टक्के भरपाई करत नाही.

वर्गात पोरांना बाकांवर झोपवून नाडी मोजली, मग उभं करून. बहुतेकांची १० ते २० ठोक्यांनी वाढली. दोन मुली हसत सुटल्या, त्यांचे आकडे सोडून दिले.

३१ डिसेंबर

काल येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. शेतात भज्जी-आंबील झाली, मॉडेलला सुट्टी. आंबील पिऊन बाजेवर आडवं होऊन उठताना डोळ्यांपुढं काजवे चमकले, तेव्हा मेव्हणे म्हणाले, "दाजी, तुमचा सर्व्हो स्लो झालाय." जेवणानंतर आतड्यांकडं रक्त जास्त जातं, हे खरं कारण. म्हाताऱ्या माणसांत जेवणानंतर दाब बराच उतरू शकतो.

आज झडपा बसवल्या. परिपाठाला पोरं ताटकळत उभी राहिली की एखादं कोसळतं. चालणारं पोरगं कोसळत नाही. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त वर जातं आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. या झडपांवरून रक्त एकाच दिशेनं जातं हे हार्वेनं १६२८ मध्ये मांडलं होतं. मोजा हातानं दाबून हे दाखवायचं होतं, पण झडप नसेल तर पाणी दोन्हीकडं पळतं.

फिश टँकची वीस रुपयांची झडप हवेसाठी असते, पाण्याला अडखळते. कृषी सेवा केंद्रात फवाऱ्याच्या पंपाची गोळीची झडप मिळाली. ती उभी असतानाच गोळी नीट बसते, आडवी केली की गळते. आम्हाला उभं असतानाच हवी होती, म्हणून चालवून घेतली.

झडप बसवल्यावर वाटलं, आता मोजे फुगणारच नाहीत. फुगले. वरून पाणी उतरत नाही, पण धमनीकडून येतच राहतं, त्यामुळं जरा उशिरा का होईना, भरतात. माणसाच्या पायातही तसंच होतं. मोजा दोन-चारदा दाबला की पिशवी फुगते आणि मानेतला आकडा सातआठनं वर जातो. सगळ्या मॉडेलमध्ये पोरांना हेच जास्त आवडलं, कारण इथं हात लावायला मिळतो.

३ जानेवारी २०२५

सेन्सरची नळी निसटली. आकडा शून्य. प्रोग्रॅमला वाटलं माणूस मेला. चिमटा गच्च, पंप सुसाट, आणि टी जोडातून कारंजं. सेन्सर शून्य दाखवत असेल तर सगळं बंद, ही ओळ प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवसापासून टाका.

साफसफाई करताना लक्षात आलं की हेसुद्धा दाखवण्यासारखं आहे. मानेतल्या आणि कमानीतल्या या चेता प्राण्यांमध्ये कापल्या की दाब उसळतो आणि पुढं दिवसभर वेडावाकडा वरखाली होत राहतो. निरोप येणं बंद झालं, म्हणजे मेंदूच्या लेखी दाब पडला.

मग उलटं बटणही बसवलं, 'सिंपथेटिक कापली'. सर्व्होची वायर उपटून बघितली होती, पण गिअर जागीच अडकतो, चिमटा सुटत नाही. म्हणून बटण दाबल्यावर प्रोग्रॅमनंच चिमटा उघडायचा. क्लोद बर्नारनं १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला सशाच्या मानेतली ही चेता कापली आणि त्या बाजूचा कान लाल, गरम झाला. वाहिन्यांवर चेतासंस्थेची पकड आहे हे तिथून उलगडत गेलं. आमच्या फळीवर बटण दाबलं की आडव्या माणसाचाही दाब उतरतो, उभा केला तर ठिबक थांबते.

९ जानेवारी

तालुक्याचं प्रदर्शन. हॉलमध्ये लाइट दोनदा गेली. आधी बाइकची बॅटरी जोडून ठेवली होती म्हणून निभावलं. फळी उचलायला दोन पोरं कमी पडली, तीन लागतात.

परीक्षकांनी विचारलं ते अपेक्षितच होतं. बघायला आलेल्या म्हाताऱ्यांचे प्रश्न जास्त कामाचे होते. एक आजोबा म्हणाले, लघवीच्या त्रासाची गोळी सुरू केल्यापासून पहाटे उठलं की गरगरतं. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या सिंपथेटिकचा निरोप अडवतात, त्यात धमनिकांचंही आवळणं सैल पडू शकतं. त्यांना 'सिंपथेटिक कापली'चं बटण थोडंसंच लागू करून दाखवलं आणि सांगितलं, गोळी आपल्या मनानं सोडू नका, डॉक्टरला हे सांगा, आणि तोवर आधी बाजेवर बसा, मग उठा. डॉक्टर आडवा आणि उभा असा दोन्ही वेळचा दाब बघतात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर ती दखल घेण्याची गोष्ट. जुन्या साखरेच्या आजारात या चेताच झिजतात, तेव्हाही हेच होतं.

बक्षीस तिसरं. पहिलं ठिबक सिंचनाच्या मॉडेलला, आणि ते मिळायलाच हवं होतं.

१८ जानेवारी

प्रदर्शन झालं तरी पोरं सोडत नाहीत. एकीनं प्रोग्रॅममध्ये ९० च्या जागी १२० घातलं. यंत्रानं निमूट १२० सांभाळलं, उभं केलं तरी, मोजा दाबला तरी. उच्च रक्तदाबात असंच होतं. दाब चढा राहिला की एक-दोन दिवसांत ही दाबमापी चेताटोकं नव्या आकड्याला सरावतात आणि त्यालाच राखत बसतात. म्हणून वर्षानुवर्षांचा दाब त्यांच्या हातात नसतो, तिथं मूत्रपिंडाचा वाटा मोठा.

उन्हाळ्यासाठी तिसरा फाटा जोडायला घेतलाय, कातडीचा. गार वातावरणात कातडीला मिनिटाला पाव-अर्धा लिटर रक्त पुरतं, कडक उन्हात घामेजलेल्या माणसात ते सहा-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. एप्रिलमध्ये आमच्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो. तात्पुरता चाकाचा चिमटा लावून फाटा पूर्ण उघडला आणि फळी उभी केली, तर सर्व्होनं पायाचा फाटा आवळायचा तेवढा आवळला तरी मानेत ५८. माठातलं अर्धा लिटर पाणी पिशवीत ओतलं, ६९ झालं. फाट्याला दुसरा सर्व्हो लागेल, म्हणजे आणखी ३८० रुपये आणि ५ व्होल्टचा पुरवठाही मोठा घ्यावा लागेल. आतापर्यंतचा खर्च, बुडालेला सेन्सर आणि तापलेला मॉस्फेट धरून, चार हजारांच्या आत आहे. गणिताच्या सरांचा शर्ट त्यात धरलेला नाही.